समन्वयकपदाची तयारी

५ जुलै २००४
विद्यापीठ आता ऑनलाइन, म्हणजे कॉम्प्युटरवर टाइप करून, शिकवणार. सुरगाणा केंद्राचं अर्थशास्त्र माझ्याकडे. हे नीट पार पडलं तर समन्वयकपद मलाच, असं कुलसचिव म्हणाले. म्हणजे तसं सूचित केलं. संकल्प : महिन्याभरात टाइपिंग. क्वालिटीशी तडजोड नाही. बावीस वर्षांच्या नोट्स आहेतच.

१२ जुलै, दुपारी १२
पहिला वर्ग. तिकडे मुलं सत्तावीस, कॉम्प्युटर एक. हजेरी घेतली. प्रत्येकाने रांगेत येऊन 'हजर सर' टाइप केलं. तास संपला. शिस्त उत्तम. उगाच बाऊ करतात ऑनलाइनचा.

१९ जुलै
हजेरी बंद करा, असं विद्यापीठाचं पत्र. यांना क्वालिटी कळत नाही. टाइपिंग : मिनिटाला चार शब्द. बोटंच जाड, त्याला मी काय करणार? बायको, मालिनी, बँकेत दिवसभर टाइप करते. म्हणून वर्ग रविवारी. मी सांगणार, ती टाइप करणार. तिला विषय कळायची गरज नाही.

२५ जुलै
येरझाऱ्या घालत तासभर डिक्टेट केलं. आवाज छान लागला होता. मालिनी मध्येच हसत होती. विचारलं तर म्हणे, पोरं शंका विचारताहेत. माझ्या नोट्समध्ये शंकेला जागाच नाही. दुर्लक्ष केलं.

२४ ऑगस्ट
सुरगाण्याचे अभिप्राय आले. पुंजा नावाचा विद्यार्थी लिहितो, सरांमुळे अर्थशास्त्र पहिल्यांदा समजलं. नोट्स इतक्या सोप्या आहेत हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. नवा कोट शिवायला टाकला.

६ सप्टेंबर
समितीसमोर प्रात्यक्षिक. मालिनीला रजा नाही. तिच्यावाचून काही अडत नव्हतंच. अर्ध्या तासात नोट्सच्या सहा ओळी टाइप केल्या. पडद्यावर सगळ्यांदेखत पुंजाचं उत्तर आलं : "सर, रविवारी सांगता तसं सांगा ना. हे काय समजत नाय."
लाइन खराब आहे, असं म्हणालो. समितीच्या अध्यक्ष प्रतिभाताईंनी शांतपणे विचारलं, रविवारी टाइप कोण करतं? सांगावं लागलं.

१४ सप्टेंबर
समन्वयकपद दुसऱ्यालाच. रविवारचा वर्ग मालिनीकडे. राजकारण, दुसरं काय. कोट तयार आहे, असा शिंप्याचा फोन.

१९ सप्टेंबर
मालिनीचा वर्ग. मी मागे बसून पेपर वाचतोय असं दाखवत होतो. तिने लिहिलं, मीठ महागलं तर कमी खाता का? आणि सफरचंद महागलं तर? तिकडून भराभर उत्तरं. मग तिने लिहिलं, यालाच मागणीची लवचिकता म्हणतात.
ही व्याख्या मी बावीस वर्षं सांगतोय. आज समजली. फार लाज वाटली.
एक शंका होती. विचारायचा धीर झाला नाही.