क्वाकोचं वय आणि माझी इतर मालमत्ता

मी, झिल्पा पेकर, राहणार मिलस्टोन बंदर, परगणा न्यू लंडन, कनेक्टिकट, धंदा केक भाजणे, वर्ण काळा, स्थिती स्वतंत्र, आज पूर्ण शुद्धीवर असून हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहवून घेत आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. गुडघे सोडले तर तब्येत ठीक आहे. परंतु गेल्या महिन्यात भट्टीपुढे चक्कर येऊन पडले, आणि पडल्या पडल्या देवाच्या आधी कागदपत्रे आठवली, म्हणून ही घाई. लिहिणारे तरुण वकील श्री. ट्रोब्रिज आहेत. मी बोलेन ते सर्व उतरवावे, गाळू नये, असे ठरले आहे. त्यांनी आपली फी केकच्या रूपाने आधीच खाल्ली आहे.

कलम पहिले. माझे दफन दफनभूमीच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे आमच्या लोकांना जागा मिळते, तिथेच करावे. तिथे समुद्राचा वारा येतो आणि शेजार चांगला आहे. प्रवचन लांबवू नये. लोक उभे असतात.

कलम दुसरे. भट्टी, तांब्याची भांडी, लाकडी परात आणि खमिराचे मडके माझी भागीदार ज्यूनो हिला द्यावे. खमीर जिवंत वस्तू आहे, त्याला वेळेवर खाऊ घालावे. मे महिन्यात गोरे लोक आपला गव्हर्नर निवडतात. त्यात आम्हाला कोणी विचारत नाही, म्हणून त्याच सुमारास आम्ही काळे लोक आमचा गव्हर्नर निवडतो. घोडा, तलवार, मिरवणूक, नाच, काही कमी नसते. दोन्हीकडे केक माझाच असतो. ज्यूनोने दोन्हीकडे सारखेच मनुके घालावेत. मी घालत नव्हते. आमच्यात जास्त जात होते.

कलम तिसरे. कॅप्टन विदरबी यांना मी काही देत नाही, आणि का देत नाही ते लिहून ठेवते. क्वाको त्यांच्या घरचा गुलाम. इंग्रजांशी स्वातंत्र्याची लढाई सुरू झाली तेव्हा कॅप्टनच्या मुलाच्या जागी क्वाकोला पाठवले. जिवंत परत आलास तर तुला मोकळे करीन, असा शब्द दिला. क्वाको तीन वर्षांनी लंगडत परत आला. तेव्हा कॅप्टन म्हणाले, "शब्द दिला होता तो धडधाकट माणसाला." पुढे देश स्वतंत्र झाल्याची मेजवानी त्यांच्याच अंगणात झाली. केक माझा होता. कॅप्टन स्वातंत्र्यावर तासभर बोलले आणि तेवढा वेळ त्यांची बशी क्वाकोने धरली होती. त्याच आठवड्यात मी त्याला विकत घेण्याचे ठरवले. दोन वर्षे केक भाजले आणि घेतला.

"मावशी, हे मृत्युपत्रात हवंच का?" असे वकीलसाहेबांनी विचारले. हवेच.

कलम चौथे. सदर क्वाको, ज्याच्याबरोबर मी नवराबायकोसारखी राहते, पण पाद्रीने ज्याच्याशी माझे लग्न लावले नाही, तो कागदोपत्री माझी मालमत्ता आहे. माझ्या मृत्यूनंतर तो स्वतंत्र व्हावा.

हे कलम रद्द. कारण खाली देत आहे.

वरील मजकूर वकीलसाहेबांनी मोठ्याने वाचला तेव्हा क्वाको चुलीपाशी बसला होता. तो उठला.

"म्हणजे मी तुझ्या मरणाची वाट बघायची?" तो म्हणाला. "सकाळी तुला खोकला आला की मी खूश व्हायचं? हे असलं काही मला नको, झिल्पे."

"मग आजच सुटतोस का? चल, दाखला द्यायला दोन न्यायाधीशांना बोलावते. पण वय खरं सांगावं लागेल."

यावर तो पुन्हा खाली बसला.

गोष्ट अशी आहे. गेल्या वर्षीच्या कायद्याप्रमाणे गुलाम पंचेचाळीसच्या आतला आणि निरोगी असेल, आणि दोन न्यायाधीश तसा दाखला देतील, तरच मालकाला त्याला बिनघोर सोडता येते. नाहीतर पुढे तो आजारी पडला की त्याचा खर्च मालकाच्या, आणि मालकाच्या पश्चात त्याच्या इस्टेटीच्या बोकांडी बसतो. ते निमित्त करून माझा सावत्र भाऊ पॉम्प वारस म्हणून सुटकेवर दावा लावील आणि क्वाकोला दक्षिणेकडच्या एखाद्या जहाजावर विकील. पॉम्पने एकदा स्वतःचा कुत्रा विकला, आणि तो पळून घरी आला तेव्हा पुन्हा विकला. क्वाकोच्या आईने मला सांगितले होते की ज्या हिवाळ्यात कॅप्टनच्या बापाचे जहाज बंदरात बर्फात अडकले, त्या हिवाळ्यात हा जन्मला. म्हणजे आज चव्वेचाळीस. येत्या हिवाळ्यात पंचेचाळीस. परंतु हा माणूस गावभर सांगत फिरतो की आपण साठीला आलो. गव्हर्नर म्हणून आमचे लोक वडीलधाऱ्याला निवडतात, म्हणून याने पस्तीस वर्षांपूर्वीच्या फ्रेंच युद्धातही लढल्याच्या थापा मारल्या आणि दोनदा निवडून आला. लंगडतो, त्यामुळे खपून गेले.

"पुढच्या महिन्यात निवडणूक आहे," तो म्हणाला. "चव्वेचाळीसचा गव्हर्नर कोण करील? पिकलेल्या केसांना मान असतो."

"तुझे केस माझ्या पिठाने पिकलेत. डोकं झटक, काळे होतील."

वकीलसाहेब हसले. क्वाको हसला नाही. तो म्हणाला, "माझं असं काय आहे गं? अंगावरचा कोट कॅप्टनचा. घर तुझं. मी स्वतःसुद्धा तुझा. एक वय तेवढं मी माझ्या मनानं ठरवलं होतं."

हे ऐकून मला रडू आले. याच्यासाठी मी एवढे केक भाजले, आणि याला स्वतःचे म्हणून काय उरले हे एकदाही विचारले नव्हते. मी म्हटले, "ठीक आहे. साठ सांग. मी मरणारच नाही."

तो उठला, कोट चढवला आणि स्वतः जाऊन न्यायाधीशांना बोलावून आला.

ते दोघे दुपारी आले. केकचा वास सुटला होता, म्हणून त्यांच्यामागून क्वाकोचे बरेचसे मतदारही आले आणि खिडकीत गर्दी करून उभे राहिले. न्यायाधीशांनी त्याचे दात पाहिले, चालायला लावले, लंगडतो पण कामाचा आहे असे ठरवले, छातीला कान लावला. मला ते आवडले नाही. मग त्यांनी विचारले, "वय?"

क्वाकोने खिडकीकडे पाहिले. "चव्वेचाळीस," तो मोठ्याने म्हणाला.

बाहेरून कोणीतरी ओरडले, "अहो गव्हर्नरसाहेब, मग फ्रेंचांशी काय दुधाच्या दातांनी लढलात?"

"होय," क्वाको म्हणाला. "एकेकाला चावलो."

एवढा हशा पिकला की न्यायाधीशांच्या हातून दाखल्यावर शाई सांडली. दुसरा दाखला लिहिला. त्यावर त्यांच्या सह्या झाल्या, सुटकेच्या कागदावर माझी सही झाली. क्वाको दाराबाहेर गेला, रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन परत आला.

"आता मी कुणाचा?" त्याने विचारले.

"माझाच. पण आता कंटाळलास तर जाऊ शकतोस."

"केक संपल्यावर बघू."

कलम पाचवे. पाद्रीसमोर लग्न केले तर कायद्याने माझे घर आणि सर्वस्व क्वाकोच्या ताब्यात जाईल आणि हे मृत्युपत्र निकामी होईल, अशी सूचना वकीलसाहेबांनी दिली. एक गुलाम सुटला त्याच दिवशी दुसरा करू नये, म्हणून आम्ही आहोत तसेच राहणार. देवाला आमचे माहीत आहे.

कलम सहावे. माझे घर क्वाकोला द्यावे.

हे कलमही रद्द. न्यायाधीश आणि खिडकीतली गर्दी निघून गेल्यावर वकीलसाहेब म्हणाले, "मावशी, साक्षीला तीन माणसं लागतात. मी लिहिणारा, मला धरायचं नाही. इथे दोनच आहेत." शेजारचे पीपे बनवणारे आणि त्यांचा भाऊ, एवढेच होते. ज्यूनोला वाटा आहे, म्हणून तिची साक्ष चालत नाही.

"मी आहे की," क्वाको म्हणाला.

"तुमची चालेल. पण साक्षीदाराला या मृत्युपत्रातून काही मिळत नाही. घर जाईल तुमचं."

"साहेब, लढाईवर पाठवलं तेव्हा मला कुणी विचारलं नाही. विकलं तेव्हा विचारलं नाही. आज सुटलो त्या कागदावरसुद्धा माझी निशाणी नाही. पहिल्यांदा माझ्या निशाणीशिवाय कुणाचं तरी अडलंय. घराचं काय घेऊन बसलात?"

पलीकडच्या गल्लीत तिसरा माणूस मिळाला असता. मला ठाऊक होते. मी बोलले नाही. घर ज्यूनोला द्यावे, आणि क्वाको जिवंत असेतो चुलीपाशी त्याची खुर्ची कोणी हलवू नये. आडनाव विचारले तेव्हा त्याने माझेच सांगितले.

वरील सर्व मला वाचून दाखवले, ते माझ्या बोलण्याप्रमाणे आहे, आणि काही जागी बोलण्यापेक्षा बरे आहे. पूर्वीचे कोणतेही मृत्युपत्र नाही.

मुक्काम मिलस्टोन बंदर, दिनांक एकोणीस एप्रिल, सन सतराशे त्र्याण्णव.

सही: झिल्पा पेकर

साक्षीदार:
एलिफलेट डॉज, पीपे बनवणारा. सही.
अझारिया डॉज, त्याचा भाऊ. सही.
क्वाको पेकर, वय चव्वेचाळीस, स्वतंत्र. त्याची निशाणी: ✕

मृत्युपत्र लिहिणारे वकील ट्रोब्रिज यांची नोंद: तिसऱ्या साक्षीदाराची निशाणी पानाच्या निम्म्या भागावर पसरली आहे. लहान काढावी असे त्यांना सांगितले होते.