ताटातली मिठाची जागा

३ फेब्रुवारी, सोमवार
चार आठवड्यांनी ऑफिसला गेले. पाऊस. अनंतची गाडी ड्राइव्हवेत मागे उभी होती, ती काढल्याशिवाय माझी निघेना. त्याची सीट पुढे घेतली नाही. पाय ताणून ब्रेक लावला.
ऑफिसात सगळे हळू बोलत होते. सरकारी आहार-पाहणीचं काम साचलंय. देशभरातल्या लोकांनी चोवीस तासांत काय खाल्लं त्याच्या मुलाखती. पदार्थाला कोड लावायचा, त्यात मीठ किती ते काढायचं. अकरा वर्षं हेच करते आहे. एकाने सांगितलंय: सूप, एक बोल. बायकोने केलं. मीठ किती ते तिला माहीत. तिथेच अडकले. पुढे काही झालं नाही.

६ फेब्रु., गुरु.
अनंतला जाऊन महिना झाला. लेकीचा, मुग्धाचा, बॉथेलहून फोन. "आई, डिड यू ईट?" हो म्हटलं. खाल्लं नव्हतं.
हॉस्पिटलचं पाकीट आलं. अ.चे रिपोर्ट. मीच मागवले होते. फ्रिजवर ठेवलं.

८ फेब्रु., शनि.
चार घरं पलीकडच्या कुमुदकाकू खिचडी घेऊन आल्या. जाताना दारात म्हणाल्या, "अगं, तू दिलेलं ते बीपीचं मीठ संपत आलं. आणखी एक डबा आण हो. मी सगळ्यात तेच घालते आता. डबल घालते, मेल्याला खारटपणा कुठाय!"
बरं म्हटलं. दार लावलं.
काकूंची किडनी. दिवाळीत त्यांनीच सांगितलं होतं, डॉक्टर लक्ष ठेवून आहेत म्हणून. त्यानंतर मी तो डबा दिला. स्वतःहून. कौतुकाने.

तोच दिवस, संध्याकाळ
लिहूनच टाकते. त्या मिठात सोडियम कमी आणि त्या जागी पोटॅशियम. बहुतेकांना चांगलं. किडनी अधू असेल तर पोटॅशियम रक्तात साठतं आणि हृदय बंद पडू शकतं. डब्यावर बारीक अक्षरात आहे. आमच्या रिपोर्टमध्येही आहे, तळटीप. ती मी लिहिली आहे.
अ.ला बीपी. मी स्वयंपाकातलं मीठ अर्धं केलं. पण ताट वाढताना वर मिठाची जागा रिकामी बघवेना. आईने कधी मीठ न वाढता ताट पुढे केलं नाही, मलाही जमेना. म्हणून तिथे हे वाढायला लागले. म्हटलं, हे हवं तेवढं घे, याने काही होत नाही.
तो हसायचा. "तुझ्या सरकारी मिठाला चवच नाही बाई, म्हणून तर दुप्पट लागतं." आणि बोटाने ओढून घ्यायचा. वरणावर, काकडीवर, कधी नुसतंच.
डिसेंबरात त्याची बीपीची गोळी बदलली. रक्ताचा रिपोर्ट आला. दुकानासमोर गाडी लावताना म्हणाला, "क्रिएटिनिन जरा वर आहे म्हणे." क्रिएटिनिन म्हणजे किडनीचाच आकडा. मी म्हटलं, पाणी जास्त पी. आणि कोथिंबीर आणायला आत गेले.
मी. अकरा वर्षं हेच काम करणारी.

९ फेब्रु., रवि.
सकाळीच काकूंकडे.
"काकू, ते मीठ परत द्या."
"का गं? नासलं का?"
"किडनीला चालत नाही. उद्याच रक्त तपासून घ्या."
"मग देताना नाही का सांगायचंस!"
मग त्या एकदम थांबल्या. "अनंतही हेच खायचा ना?"
मी मान डोलावली. आत जाऊन त्यांनी डबा आणून दिला. झाकणावर त्यांच्या अक्षरात 'बीपी'. चहा टाकते म्हणाल्या. नको म्हटलं.

१२ फेब्रु., बुध.
काकूंचं रक्त ठीक आलं. देवा. त्यांचा मुलगा सांगायला आला, आत आला नाही. "शी इज फाइन. बट यू, ऑफ ऑल पीपल." वळून गेला. बरोबर आहे त्याचं.
काकू वाचल्या, या आनंदात मी दोन पोळ्या खाल्ल्या. मग अ. आठवला.

१४ फेब्रु., शुक्र.
पाकीट उघडलं. पोटॅशियम खूप वर. खाली शेरा: नमुन्यातल्या रक्तपेशी फुटलेल्या, आकडा विश्वासार्ह नाही. नमुनाही हृदय थांबल्यावर घेतलेला.
डॉक्टरांना फोन केला. शांतपणे म्हणाले, पेशी फुटल्या तरी आकडा वाढतो, हृदय थांबल्यावरही वाढतो. हे कारण असेल, किंवा परिणाम. एका नमुन्यावरून नाही सांगता येत.
हे वाक्य माझं आहे. नव्या मुलांना पहिल्या दिवशी हेच शिकवते. एका दिवसाच्या नमुन्यावरून देशाची सरासरी कळते, एका माणसाचं काही कळत नाही.
मला देशाचं नको आहे

१८ फेब्रु., मंगळ.
डायान, माझी बॉस, म्हणाली रिपोर्टमधलं घरोघरी हे मीठ वापरायला सुचवणारं प्रकरण तू लिही. "यू नो धिस बेटर दॅन एनीवन." तिला माहीत नाही.
गणित तीनदा तपासलं. चूक सापडावी म्हणून. सापडली नाही. देशाने हे मीठ घेतलं तर माणसं वाचतात, बिघडणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त. खरं आहे. हे खरं आहे हेच सहन होत नाही.
किडनीचं वाक्य तळटीपेतून काढून पहिल्या परिच्छेदात घातलं. डायान म्हणाली, लोक बिचकतील. मी म्हटलं, बिचकू देत. एवढ्या मोठ्याने मी ऑफिसात कधी बोलले नव्हते. कमिटी ठरवेल म्हणाली.

२० फेब्रु., गुरु.
मुग्धाला सगळं सांगितलं. ती लॅबमध्ये काम करते, तिला समजावून सांगावं लागलं नाही. वाटलं ठेवेल आता फोन.
"बट बाबा लाइक्ड इट, राइट?"
नाही गं. त्याला कडवट लागायचं. मी वाढायचे म्हणून घ्यायचा.
हे सांगितलं नाही. हो म्हटलं.
"आय नीड सम टाइम, आई." मी म्हटलं, घे.

२३ फेब्रु., रवि.
मुग्धाचा फोन नाही. तीन दिवस.
दोन्ही डबे, आमचा आणि काकूंचा, कचऱ्यात टाकले. मग काकूंचं झाकण परत काढून घेतलं. का ते माहीत नाही.
दुपारी वरणभात केला. ताट घेतलं. वर साधं मीठ वाढलं, चिमूटभर. जेवले. मिठाला बोट लावलं नाही. ताट नळाखाली धरलं तेव्हा ते विरघळून गेलं. ताट घासलं, पुसलं, पालथं घातलं.