वॉकरशिवाय जगात कोणी नसलेल्या ताईस

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा पूर्ण बरा झाला आहे असे मी गृहीत धरतो, कारण गेल्या रविवारी माझ्याशी फोनवर बोलता बोलता तू स्टुलावर चढून पंख्याची पाती पुसत होतीस, असे भावोजींनी मागाहून कळवले. भावोजींची प्रकृतीही ठणठणीत असावी, अशी या खेपेस माझी नेहमीपेक्षा अंमळ अधिक तळमळीची इच्छा आहे. कारण यथावकाश येईलच.

मी ज्या रुग्णसाहित्य केंद्राचा मानद कोषाध्यक्ष आहे, त्याचा व्यवहार साधा आहे. वॉकर, कुबड्या, चाकाच्या खुर्च्या गरजूंना विनामूल्य वापरायला द्यायच्या आणि गरज संपली की परत घ्यायच्या. (यातला पहिला अर्धा भाग सुरळीत चालतो.) सध्या आमच्या खोलीत तीन चाकांची एक खुर्ची, एकट्या पडलेल्या काही कुबड्या आणि कुणीतरी कुबडीच्या बदल्यात परत केलेली एक छत्री, एवढेच शिल्लक आहे. वॉकर एकही नाही. शेजारच्या शिंप्याची आई पडल्यापासून स्वयंपाकघरातली खुर्ची पुढे ढकलत न्हाणीघरापर्यंत जाते, आणि तो रोज मशीनवरून मान वर करून विचारतो, “आला का हो एखादा?” मी रोज नाही म्हणतो. आता मी खोलीत मागच्या दाराने शिरू लागलो आहे.

साहित्य घ्यायचे तर अनुदान हवे, आणि अनुदान हवे तर अर्ज हवा. एका मोठ्या प्रतिष्ठानाकडे मी मागे दोनदा स्वहस्ते अर्ज केला होता. त्याचा मजकूर असा: ‘आमच्याकडे साहित्य आहे. लोक नेतात. बहुतेक परत आणतात. साहित्य कमी पडते. मदत व्हावी.’ दोन्ही वेळा शेरा आला की माहिती अचूक आहे, परंतु मनाला भिडत नाही. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आमच्या अभ्यासक्रमात मनाला भिडणे हा विषय ऐच्छिक म्हणूनसुद्धा नव्हता.

तेव्हा आमच्या अध्यक्षबाईंनी (निवृत्त मेट्रन, त्यांनी ‘झोपा’ म्हटले की अख्खा वॉर्ड झोपत असे) फर्मान काढले की यंदाचा अर्ज कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घ्यायचा. हे यंत्र, ताई, अत्यंत विनयशील आहे. मी त्याला विचारले की पत्त्यात पिनकोड आधी लिहावा की नंतर, तर ‘आपला प्रश्न फार मर्मग्राही आहे’ असे उत्तर आले. नोकरीच्या सबंध काळात माझ्या कुठल्याच साहेबाने मला असे म्हटले नाही. माणूस अशा वेळी गाफील होतो. मी झालो.

यंत्राने एका लाभार्थीची हकीकत मागितली. परक्याची माहिती परवानगीवाचून देणे नियमात बसत नाही, म्हणून मी तुझी दिली. ती एवढीच: ‘स्त्री, वय सदुसष्ट, उजवा गुडघा, वॉकर.’ एवढ्या भांडवलावर त्याने दीड पान लिहिले. त्यानुसार तुझे पती तुला अर्ध्या वाटेवर सोडून देवाघरी गेले आहेत. मुलांनी पाठ फिरवली आहे. रोज सकाळी तू वॉकरच्या आधाराने खिडकीशी जातेस आणि चिमण्यांशी सुखदुःखाच्या गोष्टी करतेस. (तू! कबुतराला चप्पल फेकून मारणारी!) शेवटचे वाक्य तर, ‘या थकल्या जिवाला आता वॉकरशिवाय जगात कोणीही उरलेले नाही.’

तू म्हणशील, तुझ्यासारख्या काटेकोर माणसाने हे जाऊ कसे दिले? मी अर्ज तपासला होता. बेरजा पडताळल्या, तारखा जुळवल्या, एके ठिकाणी ‘सुमारे’ होते ते खोडून नेमका आकडा घातला. तुझ्या हकिकतीत आकडा एकच होता, सदुसष्ट, आणि तो बरोबर होता. म्हणून मी त्या पानावर बरोबरची खूण केली. जिथे आकडा नाही तिथे चूक असू शकते, हे माझ्या ध्यानीमनी नव्हते. अध्यक्षबाईंनी डोळे पुसत विचारले, ही बाई कोण हो? मी बेरजेत होतो. मी म्हटले, लाभार्थी.

अर्ज भिडला. इतका भिडला की प्रतिष्ठानच्या अधिकारी बाईंचा फोन आला: केंद्र शेवटच्या फेरीत आहे, येत्या गुरुवारी त्या भेटीस येणार, आणि चिमण्यांशी बोलणाऱ्या त्या मावशींना प्रत्यक्ष भेटायचे आहे. मावशींसाठी त्यांनी स्वतः स्वेटर विणायला घेतला आहे.

समितीची तातडीची बैठक झाली. चिटणिसांचे मत पडले की तुला तासभर अंधाऱ्या खोलीत एकटे बसवावे आणि भावोजींना तेवढ्यापुरते गच्चीवर पाठवावे. मी विरोध नोंदवला. (तत्त्व म्हणून, शिवाय तू तासभर गप्प बसणे व्यवहार्य नाही.) मग यंत्रालाच चूक दाखवली. त्याने मनःपूर्वक क्षमा मागितली आणि दुरुस्त मजकूर दिला, त्यात भावोजी बारा वर्षांनी परततात आणि वॉकरला मिठी मारून रडतात.

शेवटी मीच अधिकारी बाईंना पत्र लिहिले: ‘अर्जातील बाई माझी सख्खी बहीण आहे. पती हयात आहेत. मुले रोज फोन करतात, ती उचलत नाही. चिमण्यांशी संबंध नाही. वॉकर मात्र खरा आहे. चूक माझी.’ पाठवले आणि अनुदानावर पाणी सोडून बसलो.

बाईंचा लगेच फोन आला. आधी बराच वेळ त्या हसत होत्या. मग म्हणाल्या, “हे तुम्ही स्वतः लिहिलंत ना? मग मी येतेच. आधी ताईंकडे, मग केंद्रात. तो खरा वॉकर मला बघायचाय.”

असो. वडीलकीच्या नात्याने रागावणे झाले की लोभ पूर्ववत करावा, ही विनंती.

तुझा धाकटा भाऊ
(मानद कोषाध्यक्ष)

ता. क. गुरुवारी भावोजींनी दार स्वतः उघडावे, आणि बनियनवर नको. कागदोपत्री दिवंगत राहिलेल्या माणसाने निदान सदरा घालावा.

ता. क. २. तो वॉकर गेले पाच महिने तुमच्या गॅलरीत भावोजींचे टॉवेल वाळवण्याच्या कामी आहे, हे मी पाहिले आहे. मुदत उलटलेल्या प्रत्येकाला केंद्रातर्फे तीन स्मरणपत्रे जातात. तुला, थोरली म्हणून, मी एकही पाठवले नाही. हे पत्र तिन्ही समजावे.

ता. क. ३. गुरुवारपर्यंत थांबण्यात अर्थ नाही. मी उद्या सकाळीच येऊन वॉकर नेतो. शिंप्याला तसे सांगूनही आलो, पुढच्या दाराने. बाईंनी वॉकर कुठे आहे असे विचारले, तर शिंप्याच्या आईकडे पाठव. टॉवेलांसाठी दोरी घेऊन येतो. ती परत करावी लागणार नाही; पावतीवर सही मात्र लागेल.