दादरच्या बाजारातल्या अळ्या

करी रोड,
१३ ऑक्टोबर १९८५

प्रिय हरेश्वर,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. तुझी आई, आमची राधाकाकी, ठणठणीत आहे. तिच्या खानावळीत आता पाचच माणसं जेवायला येतात, तरी ती भाकऱ्या पंधरा जणांच्या थापते आणि उरलेल्या चाळभर वाटते.

गिरण्यांच्या संपाचं पहिलं वर्ष सरत आलं होतं, ते दिवस हल्ली फार आठवतात. साचेखात्यात मागांपुढे आठ-आठ तास उभा राहणारा तू, दुपारभर जिन्यात बसून असायचास. परळच्या प्रयोगशाळेत मी नक्की काय करते, असं एकदा विचारलंस. मी सांगितलं, कापसाच्या बोंडअळीला मारणारा एक विषाणू आहे. माणसाला, गुरांना तो काही करत नाही. पण तो वाढायला अळीच्या जिवंत पेशी लागतात, म्हणून त्या पेशी काचेच्या बाटलीत जगवायच्या. तीन वर्षं जमत नव्हतं, आणि आता आमच्याकडच्या अळ्याही रोगाने मेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दादरच्या भाजीबाजारातून, फेकलेल्या टोमॅटोतून आणि हरभऱ्याच्या घाट्यांतून त्याच जातीच्या चाळीस अळ्या वेचून आणल्यास. एकमेकींना खातात हे तुझ्या लक्षात आलं होतं, म्हणून प्रत्येकीची वेगळी पुडी! वर म्हणालास, "ही कापूस खाणारी, मी कापसावर जगणारा. दोघंही सध्या उपाशी."

त्या अळ्यांचे कोष झाले. त्यांतल्या माद्यांचे अंडाशय काढून मी बाटल्यांत ठेवले. बहुतेक बाटल्यांना बुरशी लागली. एकीत मात्र तळाला चिकटलेल्या पेशी एप्रिलमध्ये वाढायला लागल्या, आणि मे महिन्यात तू देवगडला निघालास. आदल्या संध्याकाळी चिंचपोकळीच्या पुलावर तू विचारलंस, "गुणा, येशील माझ्याबरोबर? दहा कलमं आहेत आंब्याची, दोघांचं भागेल." मी म्हटलं, पेशींना दर चार दिवसांनी नवं द्रावण द्यावं लागतं, दुसऱ्या कुणाच्या हाताला त्या टिकत नाहीत. तू नुसतं "बरं" म्हणालास. सकाळी एस.टी.वर मी आलेही नाही.

पेशींचं खोटं नव्हतं. पण बाबांची गिरणीही बंद होती आणि घर माझ्या एकटीच्या पगारावर चाललं होतं, हे मी सांगितलं नाही. तुलाच बेकार म्हटल्यासारखं झालं असतं. तू समजलास, हिला माझ्यापेक्षा बाटल्या प्याऱ्या. मी तसं समजू दिलं.

गेल्या बुधवारी त्याच पेशींत विषाणूने मूळ धरलं. सूक्ष्मदर्शकातून बघितलं तर एकेका पेशीच्या केंद्रात विषाणूचे चकाकते, कोनदार कण खच्चून भरलेले. साहेबांनी सगळ्यांना बोलावलं, टाळ्या वाजल्या. पुढच्या वर्षी विदर्भात कापसावर फवारून बघणार आहेत. वहीत त्या पेशींना नुसता एक नंबर आहे. त्या कुणी वेचून आणलेल्या अळ्यांच्या, हे सांगायला मी तोंड उघडलं, आणि तशीच बाहेर पडले. स्वच्छतागृहात जाऊन रडले. आता शांता म्हणून एक मुलगी माझ्या हाताखाली तयार झाली आहे, पेशी तिच्याही हातून छान वाढतात. धाकट्या भावाला बेस्टमध्ये नोकरी लागली. घरात मला अडवेल असं काही उरलं नाही.

खरं तर हे पत्र मी आपणहून लिहायला घेतलेलं नाही. काल राधाकाकी कोरं पाकीट घेऊन आली. "दोनच ओळी लिही गो, चेडू बरां आसा म्हणान सांग," म्हणाली. तिचा निरोप असा : कणकवलीची मुलगी चांगली आहे, त्यांच्याकडून होकार आला आहे, दिवाळीनंतर साखरपुडा करू म्हणतात, तुझं उत्तर आठ दिवसांत हवं. निरोप पोचवला. त्या मुलीला नाही म्हण, असं मी सांगणार नाही, तो हक्क मी गमावला. फक्त तू हो म्हणण्याआधी तुला एक माहीत असावं, हरेश्वर. मी यायला तयार आहे.

अजून तरी तुझीच,
गुणवंती