नाव काढायची फी

दीक्षा,

मी स्वतःहून पोलीस ठाण्यात चाललो आहे. बादलीतल्या शर्टावरचं रक्त माझं नाही.

तुझ्या आईच्या गाडीच्या विम्यात न सांगता जादा पैसे कापले, म्हणून विमा कंपनीच्या ऑफिसात गेलो होतो. तिथला पोरगा म्हणाला, "काका, काकू वारल्या ना, त्यांचं नाव काढायची फी आहे ते."

मी म्हणालो, "नाव काढायले तुले कोणं सांगितलं गा?"

तो हसला. मी त्याचं डोकं टेबलाच्या काचेवर आपटलं. काच फुटली, त्याच्या कपाळाला टाके पडले.

'दीक्षा माझं नाव काढेल,' असं तुझी आई म्हणायची. तेच शब्द मला त्याच्या तोंडून ऐकवले नाहीत.

मामाला फोन कर. उद्याचा पेपर मात्र सोडू नको.

बाबा