सुनेच्या साखरेचा बंदोबस्त

६ फेब्रुवारी
सातव्या महिन्यात सुनेला साखर निघाली. ग्लुकोजचं पाणी पाजून रक्त तपासलं म्हणे. आमच्या घराण्यात कुणाला नाही. विहीणबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, आमच्याकडेही नाही हो. म्हणजे आभाळातून पडली! मी प्राणिशास्त्राची पदवीधर. बेडकाचं स्वादुपिंड स्वतः शोधून काढलंय. उद्यापासून स्वयंपाकघर माझ्या ताब्यात.

७ फेब्रुवारी
गोड बंद. भात बंद. बटाटा, ब्रेड बंद. सून म्हणाली, मग खायचं काय? म्हटलं, काकडी. तोंड पाडून बसली. बसू दे.
घरात मोह नको म्हणून बिस्किटांचा डबा मीच संपवला. त्रास झाला, पण कुणीतरी करायलाच हवं.

१० फेब्रुवारी
सकाळी उपाशीपोटी मोजली, तरी साखर जास्तच. रात्री कपभर सूप पिऊन झोपलेली बाई सकाळपर्यंत साखर आणते कुठून? चोरून खाते, दुसरं काय! कपाटाला कुलूप घातलं.

११ फेब्रुवारी
कालच्यापेक्षा जास्त. घरात फितुरी आहे. मुलाला विचारलं, दुसरी किल्ली करून घेतलीस ना? म्हणाला, आई, तुला बरं वाटतंय ना? गुन्हेगार असंच बोलतात.

१४ फेब्रुवारी, दुपार
डॉक्टरणीकडे मीही गेले. वयाने माझ्या मुलाहून लहान. चोरीचं सांगितलं, तर हसून म्हणाली, चोरी नाही हो आजी. आजी!
बाळाला पोसणारी गर्भाशयातली वार जी संप्रेरकं सोडते, त्यांच्यापुढे आईच्या इन्सुलिनचं काही चालत नाही म्हणे. उपाशी राहिलं तरी यकृत साखर सोडतंच. ती साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचं इन्सुलिन मात्र जात नाही. मग बाळ स्वतःचं इन्सुलिन करतं आणि फुगत जातं. सोनोग्राफीत बाळाच्या पोटाचा घेर जास्त दिसतोय. असंच चाललं तर बाळंतपण अवघड जाईल. इन्सुलिनची इंजेक्शनं आजपासूनच. वर म्हणते, आईचं जेवण वाढवा, लघवीत उपासमारीची खूण आहे.
हे सगळं माझ्यासमोर. सुनेने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मुद्दाम.

संध्याकाळ
शांतपणे विचार केला. आमच्या वेळी वार नव्हती का? होती. पण आपल्या मर्यादेत राहायची. इंजेक्शनं म्हणजे आळशांची पळवाट. आठवडाभर माझं पथ्य आणखी कडक करायचं, मग बघू. इंजेक्शनांची पिशवी कुलपात ठेवली.

१५ फेब्रुवारी
सुनेने पिशवी मागितली. म्हटलं, माझ्याकडे सुरक्षित आहे. ती म्हणाली, आई, ते फ्रिजमध्ये ठेवायचं असतं, आणि कालच सुरू करायचं होतं. आवाज चढवून! माझ्याच घरात!

१६ फेब्रुवारी
विहीणबाई न कळवता आल्या. लेकीची बॅग भरली. दारात म्हणाल्या, तुम्ही तुमचे बेडूक सांभाळा, मी माझी लेक नेते. मुलगा बॅग उचलून मागोमाग गेला.
मला उत्तर सुचलं ते गाडी कोपऱ्यावर वळल्यावर. फार जबरदस्त उत्तर होतं.

१२ मार्च
मुलगा सांगतो, तिकडे ती इंजेक्शन घेते, पोटभर जेवते आणि साखर बरोबर येते. बाळाचा घेरही आटोक्यात आलाय. उघड आहे, माझ्या पथ्याचा गुण उशिरा आला. त्याला तसं सांगितलं. म्हणाला, हो. नुसतं हो.
निश्चय: आपण होऊन फोन करायचा नाही.

१३ मार्च
केला. विहीणबाईंनी उचलला. ती झोपलीय म्हणाल्या. दुपारी पुन्हा केला. जेवतेय म्हणाल्या. सारखी काय जेवते!
यापुढे खरंच करायचा नाही.

२६ एप्रिल
दुपारी मुलाचा फोन. बाळ काल सकाळी झालं. काल! मुलगी. वजन हवं तेवढंच, आवाज खणखणीत. वार पडली आणि सुनेची साखर उतरली. इंजेक्शनं बंद. डॉक्टरीण म्हणाली, आता नीट चारीठाव जेव.
बघ, माझंच म्हणणं खरं ठरलं, मी म्हटलं. कुठलं ते मला लगेच आठवेना.
बाळाला बघायला कधी येऊ, विचारलं. म्हणाला, विचारून सांगतो.
कुणाला, ते मी विचारलं नाही.