मांडीवर बसवणारी शाळा

बाई, नातीसाठी शाळा पाह्यली आन राग तुमचा येऊन राह्यला. तुम्हाले जाऊन किती वर्षं झाले ते मी मोजलं नाई, पण तोंडावर बोलायची सोय राह्यली नाई म्हणून कागदावर बोलते. लिहिणं काई तुमच्याकडून शिकली नाई. बचत गटात बाकीच्या बाया सह्या करत आन मी अंगठा देत होती. एक दिवस माहीच मले लाज वाटली, मग सुनेपुढं बसून गिरवलं. म्हणून चुका काढू नका. चुका काढायचा हक्क शिकवणाऱ्याले असते.

चौथीपर्यंत मी तुमच्याच वर्गात होती. तुम्हाले कुठून आठवन! शनिवारी वर्ग सारवायचा राहे. बाकीच्या पोरींची पाळी, माही दर शनिवारी, काऊन तर माहा हात साफ फिरे. तुमचा डबा मी घासायची, तुमच्या घरचं पाणी मी भरायची. आन तुमचं पोरगं. व्हरांड्यात मी पाय लांब करून बसली आहे, ते माह्या मांडीवर आहे, आत पाढे चालले आहेत. त्या तालावर मी पोराले थोपटते. बाराच्या पाढ्याची चाल मले अजून येते बाई, आकडे येत नाईत. मधातच तुम्ही दारात येता, झोपलेल्या पोराकडे पाहता आन म्हणता, "हिच्याशिवाय माझं पान हलत नाही." वर्गातल्या पोरी माह्याकडे पाहतात. त्या दिवशी मले घरी जाऊन जेवायचीही गरज पडत नाई. दिवाळीले तुम्ही मले लाल रिबीन दिलती. ती विटून पांढरी पडली तरी मी बांधत होती.

तपासणीचे साहेब आले त्या दिवशी तुम्ही मले पोरगं देऊन शाळेमागच्या बाभळीखाली पाठवलं. मले वाटलं, पोरगं साहेबाले भेईन म्हणून. साहेबानं वाचायले लावलं तर मी तुमचं नाक कापीन, हे मले लग्न झाल्यावर समजलं, तेही भाकर थापता थापता, एकदम. आन चौथी संपली तवा माह्या मायले तुम्ही म्हटलं, "हिच्या डोक्यात काही शिरायचं नाही. हात मात्र सोन्याचे आहेत. चांगल्या घरी द्या." माय घरी हासत आली. घरात कोणाले राग आला नाई. मलेही नाई. सोन्याचे हात म्हटलं होतं न तुम्ही! ते सोनं आता हायवेवरच्या ढाब्यावर ट्रकवाल्यांच्या पोळ्या लाटते.

तर नातीची गोष्ट. पहिलीत टाकायची आहे. लेकाचं टायरचं दुकान, सून बारावी शिकलेली, पण घरात शब्द माहा चालते, हे दोघाईले माहीत आहे. आमच्या कारंजा गावात दोन शाळांवर गाडं अडलं. एक गावातली, एका मॅडमनं आपल्याच घरात काढलेली. दुसरी हायवेवरची, मोठ्या गेटची, पिवळ्या गाडीची. सुनेचं मन गावातलीवर. "आई, अगदी घरच्यासारखी आहे," म्हणे.

गेलो. होतीही घरच्यासारखी. मॅडमनं नातीले पाह्यलं आन सरळ उचलून मांडीवर बसवलं, वेणीले हात लावला, "ही तर आमचीच झाली!" नात अशी खुलली की आमच्याकडे पाहीना. सून माह्याकडे पाहून डोळ्यानं म्हणे, पाह्यलं? तेवढ्यात एक पोरगी पाणी घेऊन आली. दुसरीत असन. ट्रे सांभाळून धरलेला, थेंब सांडला नाई. आम्ही पाणी पेलो, तिनं गिलास नेले, मोरीवर बसून घासले. आत वर्गात पोरं जोरानं वाचत होते, मॅडमची पोरगीही त्याईतच. मॅडम म्हणे, "फार गुणी आहे. हिच्याशिवाय माझं काही चालत नाही."

मी उठली. मोरीवर गेली. विचारलं, "आत काय शिकवून राह्यले वं?"

"माहीत नाई," म्हणे. "मॅडमनं मले बोलावलं न!" आन काय तोंड होतं तिचं! जसं कोणी मुकुट घातला.

मी तिच्या हातातून गिलास हिसकला. म्हटलं, "जाय वर्गात. तुही मॅडम तुले उल्लू बनवून राह्यली." खांद्याले धरून मी तिले दारातून आत लोटलं, तर ती भोकाड पसरून रडली. जशी मीच तिचं काई चोरलं.

मॅडम मागं उभी होती. "आजी, मुलींना वळण लागतं अशानं."

"तुमच्या पोरीले लावा," म्हटलं. "तिचे हात का लोण्याचे आहेत?"

सुनेनं पूर्ण रस्ताभर तोंड दुसरीकडं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या गेटची शाळा. तिथं आईबापाले आत घेतलं, मले बाहेर. टेबलामागं बसलेली पोरगी माह्या लुगड्याकडे पाहून म्हणे, "मावशी, तुम्ही तिकडे बसा." आत नातीले रंग विचारले. तिनं लाल, पिवळा बरोबर सांगितले, पण त्याईले इंग्रजीत पाहिजे होते. कोणी हासलं नाई, कोणी मांडीवर घेतलं नाई. लेक बाहेर आला तो कान लाल करून. मी तोवर चौकीदाराजवळ बसलती. विचारलं, "इथं झाडझूड कोण करते रे?"

"दोन बाया आहेत न."

"आन पोरी नाई झाडत?"

"पोरीनं झाडू धरला तर मले काढतीन, मावशी. इथं लोकं फी भरतात."

माह्यापुरता निकाल तिथंच लागला. लेक घरी चिडला. "आई, तू शाळा पाहायले गेलती का झाडू? तिथं आपल्याले कुत्र्यासारखं वागवलं."

"बरं केलं," म्हटलं. "कुत्र्याले कोणी गिलास घासायले नाई लावत."

सून म्हणे, "पोरीले माया पाहिजे. ती लहान आहे." मी म्हटलं, माया घरी आहे. शाळेत माया केली की मधातच काम सांगतात. ती रडली. रडो. मी लिहून आली नाव.

बाई, आता महिना होत आला. नातीची टीचर तिले नावानं हाक मारत नाई, नंबरानं मारते. मागच्या बाकावर बसवते. वर्गात बोलली तर उभं ठेवते. पोरगी जेवत नाई धड. सकाळी गाडीचा भोंगा वाजला की घरच्या फाटकाले लटके आन ओरडे, "मले मांडीवाल्या मॅडमकडे जायचं!" मी तिचं एक एक बोट सोडवत होती. सून आत जाऊन कान दाबून बसे. लेक माह्याशी कामापुरतं बोलते. ढाब्यावरचा मालकही म्हणे, "काकू, तुमच्या छातीत दगड आहे." असन.

मागच्या आठवड्यात तर तिनं फाटक सोडलंच नाई. गाडीवाला उतरला, शेजारणी पाहायले आल्या. मी खाली बसली आन तिच्या कानात म्हटलं, "ती मॅडम मेली."

पोरीनं माह्याकडे पाह्यलं. "कशी मेली?"

एवढं मी ठरवलं नव्हतं. मंग तुमचंच मरण सांगितलं, जसं गावात ऐकलं होतं तसं. ओसरीत तांदूळ निवडत बसलती, म्हटलं. सूप मांडीवर होतं. तशीच मान टाकली. पोरगा नागपूरले होता. घरात कोणी नव्हतं.

"पाणी द्यायलेही नाई?"

"नाई."

तिनं फाटक सोडलं आन गाडीत जाऊन बसली. तेव्हापासून ती निमूट जाते. माहं काम झालं. खोटं बोलून झालं, त्याचं मले काई वाटत नाई, कधी ना कधी समजन तिले.

पण गाडी गेल्यावर मी तिथंच बसून राह्यली. शेजारणीले वाटलं, गुडघा धरला. हा कागद कुठं पाठवायचा नाई, सुनेलेही दाखवायचा नाई, म्हणून लिहिते. त्या दिवशी तुमच्या ओसरीत मी असती, तर धावत पाणी आणलं असतं बाई. आन तुम्ही घोट घेईपर्यंत तुमच्या तोंडाकडे पाहत उभी राह्यली असती, काई म्हणता का म्हणून.